हरिहरच्या पायऱ्या आणि मित्रांपासून लपवलेली भीती

प्रश्न : आम्ही कॉलेजातले सात मित्र. पास होऊन वीस वर्षं झाली म्हणून डिसेंबरात एकत्र ट्रेकला जायचं ठरलं, आणि ग्रुपवर कुणीतरी हरिहर गडाच्या पायऱ्यांचा फोटो टाकला. पाच मिनिटांत सगळ्यांचे अंगठे पडले. माझाही पडला. मला लहानपणापासून उंचीची भीती वाटते हे त्यातल्या एकालाही माहीत नाही. फ्लॅट घेतानासुद्धा मी दुसऱ्या मजल्यावरचाच घेतला आणि बायकोला सांगितलं, लिफ्ट बंद पडली तर बरं. मॉलमध्ये कठड्याजवळ गेलो की तळपायांना मुंग्या येतात, गुडघे सैल पडतात आणि कुणीतरी पुढे ओढतंय असं वाटतं. तब्येत उत्तम आहे, रोज पाच किलोमीटर पळतो, दमछाकीची काळजी नाही. पण आमच्या टोळक्यात एकदा कुणाची चेष्टा सुरू झाली की ती वर्षानुवर्षं चालते. बायको (तिला आता कळलंय) म्हणते, दोन मुलांचा बाप आहेस, ताप आल्याचं सांग आणि घरी बस. खरं सांगू का, मला जायचंय. सहा आठवडे हातात आहेत. कुणाला न कळता हे कसं निभावून नेऊ?
– 'दुसरा मजला', ठाणे

उत्तर :

'दुसरा मजला', नमस्कार.

जायचंय म्हणताय ना, मग जायची तयारी करू. पण कुणाला न कळता ते कसं करायचं, यात मी तुम्हाला मदत करणार नाही. हरिहरवर भीती वाटणारे कितीतरी जण जातात आणि नीट परत येतात. गोंधळ होतो तो भीती वाटतच नाही असं दाखवत निम्म्यापर्यंत चढलेल्या आणि मग तिथेच थिजलेल्या माणसामुळे. त्याच्या वरचे वर अडकतात, खालचे खाली, आणि त्याला नेमकं काय होतंय हे कुणालाच ठाऊक नसतं.

तुम्ही ज्या फोटोला अंगठा दिलात तो गड आधी नीट बघून घ्या. त्र्यंबकेश्वरपासून वीसेक किलोमीटरवर निरगुडपाडा आहे. तिथून किंवा दुसऱ्या अंगाच्या हर्षेवाडीतून वर निघायचं. हर्षेवाडीची वाट त्यातल्या त्यात सोपी. पठारापर्यंतचा चढ तुमच्यासारख्या रोज पळणाऱ्याला किरकोळ वाटेल. इथे तुम्ही सगळ्यांच्या पुढे असाल आणि चेष्टेखोर मंडळी मागे धापा टाकत असतील. हा आनंद मनसोक्त घ्या, कारण पठार संपलं की तो फोटो प्रत्यक्ष समोर उभा राहतो. कातळात खोदलेल्या, जवळजवळ उभ्या पायऱ्या. रुंदी जेमतेम एका माणसापुरती. हात अडकवायला पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना खोबण्या. १८१८ साली इंग्रजांनी या भागातले गड घेतले तेव्हा अनेक गडांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या. हरिहरच्या पायऱ्या मात्र शाबूत राहिल्या. हे सुदैव की दुर्दैव, ते तुम्ही परत आल्यावर ठरवा.

या पायऱ्यांनंतर पहिला दरवाजा लागतो. बहुतेक फोटो इथवरचेच असतात, गड मात्र अजून बाकी असतो. दरवाजातून आत गेलं की कड्याच्या पोटात कोरलेली आडवी वाट आहे. डोक्यावर कातळ असल्यामुळे वाकून चालायचं, आणि एका बाजूला थेट दरी. तिच्यानंतर पुन्हा उभ्या पायऱ्या. मग माथा. वर हनुमान आणि महादेव आहेत, तलाव आहे, एक दगडी कोठार आहे, आणि चहूकडे ब्रह्मगिरी, भास्करगड, फणी डोंगर, उतवड. ट्रेकर मंडळी ज्याला दृष्टिभय म्हणतात ते त्या आडव्या वाटेवर जास्त जाणवतं. ग्रुपवरचा फोटो बघून हे तुम्हाला कळलं नसेल, म्हणून मुद्दाम सांगते आहे.

आता तुमच्या गुडघ्यांबद्दल. नुसतं उभं राहण्यासाठीही शरीर तीन ठिकाणांहून खबर घेत असतं: डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग, आणि पायांचे स्नायू-सांधे. उभे असताना आपण सगळेच किंचित झुलत असतो. जवळ भिंत, झाड, टेबल काहीतरी असलं की डोळे ते झुलणं चटकन पकडतात आणि शरीर आपोआप सावरतं. उंच कठड्याशी उभं राहिलं की समोर जवळचं असं काहीच उरत नाही. लांबच्या गोष्टी आपण जरासे हललो तरी हलल्यासारख्या दिसत नाहीत. डोळ्यांची खबर कच्ची पडते, झुलणं वाढतं, कान आणि पाय मात्र 'हलतोयस' म्हणून ओरडत राहतात. 'कुणीतरी पुढे ओढतंय' हे जे तुम्हाला वाटतं ना, त्यात या गोंधळाचा मोठा वाटा आहे. तुमच्या मनात काही भलतंसलतं आहे असा त्याचा अर्थ नाही. ही शंका तुम्ही लिहिली नाहीत, पण असं वाटणाऱ्या पुष्कळांना ती छळत असते, म्हणून सांगून टाकलं.

ज्यांची भीती तीव्र असते ते यावर उपाय म्हणून अंग आवळून घेतात, मान ताठ करतात, नजर एकाच जागी खिळवतात. त्याने तोल आणखीच बिघडतो. दुसरी धास्ती असते ती घेरी येऊन पडण्याची. भीतीने छातीत धडधडतं तेव्हा रक्तदाब सहसा वाढतो, आणि घेरी येते ती रक्तदाब उतरल्यामुळे. रक्त बघून भोवळ येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. उंचीच्या भीतीने पाय लटपटतील, घाम फुटेल, तोंड कोरडं पडेल. पण तेवढ्याने माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही.

याच्यातच एक चांगली बातमी आहे. हरिहरच्या पायऱ्या चढताना तुमचं तोंड कातळाकडे असतं, नाकापासून हातभर अंतरावर दगड असतो, दोन्ही हात खोबण्यांत आणि दोन्ही पाय पायरीवर. डोळ्यांना जवळचं काहीतरी दिसत असतं, हातांनाही आधार कळत असतो. त्यामुळे मॉलच्या कठड्याशी ज्यांची गाळण उडते अशा कितीतरी जणांना हा चढ वाटला होता त्यापेक्षा बरा जातो. चढून वर येतात आणि म्हणतात, एवढंच?

एवढंच नाही. उतरायचं बाकी असतं. पायरी कुठे आहे हे बघायला खाली बघावंच लागतं, आणि 'खाली बघू नकोस' हा जो सल्ला तुम्हाला सातजणांपैकी निदान तिघे देतील तो इथे फुकट जातो. त्यात शनिवार-रविवार असेल तर रांग. वरचे उतरतायत, खालचे चढतायत, वाट एकच, आणि तुम्ही पायरीवर कुणाचा तरी बूट डोक्याशी घेऊन वाट बघत उभे. उंचीची भीती असलेल्या माणसाला हलत राहणं जमतं, असं ताटकळत उभं राहणं फार जड जातं. शिवाय तिथे माकडं आहेत आणि त्यांना पिशवीतलं बिस्किट बरोबर कळतं.

तर आता तुम्ही तिथे आहात असं समजा. मधल्या पायरीवर, गुडघे सैल, आणि मित्रांना काही माहीत नाही. खालचा म्हणणार, 'चल ना यार, काय करतोयस?' वरचा मोबाइल काढून म्हणणार, 'इकडे बघ, हस!' माथ्यावर पोचलात तर कुणीतरी मागून येऊन गंमत म्हणून खांद्याला धक्का देणार. कॉलेजच्या टोळक्यात हे हमखास होतं, वय चाळिशीचं असो की विशीचं. यातला एकही जण वाईट नाही. त्यांना ठाऊकच नाही. ठाऊक असतं तर खालच्याने तुमच्या टाचेला हात लावून पायरी कुठे आहे ते सांगितलं असतं.

म्हणून सांगा. ग्रुपवर नको, तिथे दोन मिनिटांत त्याचे स्टिकर तयार होतील. सातांमध्ये एकजण असा असतोच जो गाड्या ठरवतो, पैशांचा हिशोब ठेवतो, आणि दारू प्यायलेल्यांना घरी सोडतो. त्याला फोन करा. लांबण लावू नका: 'मला उंचीची भीती आहे, लहानपणापासून. यायचं आहेच. पायऱ्यांवर तू माझ्या खाली राहा. मी थांब म्हटलं की थांबायचं, ओढायचं-ढकलायचं नाही, व्हिडिओ काढायचा नाही. पायऱ्यांखाली गेल्यावर मला नाही वाटलं तर मी तिथेच थांबेन आणि कुणी आग्रह करायचा नाही.' बाकीच्यांना काय आणि किती सांगायचं ते त्याच्यावर सोपवा. जर्मनीत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत २८ टक्के लोकांनी उंचीवर असं अस्वस्थ वाटल्याचं सांगितलं होतं. तो आकडा जसाच्या तसा इथे लावायचं कारण नाही, पण सात जणांत तुम्ही एकटेच असाल हे मला पटत नाही. तुम्ही तोंड उघडलंत की आणखी एकाचा निःश्वास ऐकू येण्याची शक्यता बरीच आहे.

चेष्टा होणारच. कुणीतरी हिरकणीचं नाव काढणार, 'ती बाई असून रात्री कडा उतरली' वगैरे. तेव्हा हसा आणि सांगा, तिचं तान्हं लेकरू घरी होतं, आपण वीकेंडला निघालोय. चेष्टेवर याहून जास्त शक्ती खर्च करू नका.

सहा आठवड्यांत काय करता येईल? भीती पूर्ण जाईल असं मी म्हणत नाही, पण तिची धार बरीच कमी होते. मानसोपचारातही उंचीच्या भीतीवर हाच मार्ग वापरतात: थोड्या भीतीपासून सुरुवात, तिथे पुरेसा वेळ थांबायचं, मग पुढची पायरी. यातलं थांबणं महत्त्वाचं. भीती चढत असताना पळ काढला की डोक्यात पक्कं बसतं, पळालो म्हणून वाचलो. तिथेच उभे राहिलात तर काही वेळाने ती आपसूक उतरू लागते, आणि हे शरीराला स्वतः अनुभवायला लागतं, मी लिहून उपयोग नाही. तुमच्या सोसायटीतल्या वरच्या मजल्यांच्या जिन्याच्या खिडकीपासून सुरू करा. मग भक्कम कठड्याची गच्ची. कठड्यापासून चार पावलांवर उभं राहा, धडधड निम्म्यावर आली की एक पाऊल पुढे. अंग सैल ठेवा, मान हलवा, नजर जवळच्या वस्तूवर आणून पुन्हा लांब न्या. स्टेशनवरचा पादचारी पूलही चांगला, फक्त गर्दीची वेळ टाळा. आठवड्यातून एकदा तासभर करण्यापेक्षा रोज थोडा वेळ केलेलं बरं. आणि यातलं काहीही कठड्यावर चढून, बाहेर वाकून करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

उतरण्याचा सराव घरीच करा. रंगाऱ्याचा घोडा मिळवा, बायकोला धरायला सांगा, आणि तोंड घोड्याकडे ठेवून उतरायला शिका. नियम एकच: दोन हात, दोन पाय यांपैकी एका वेळी एकच हलवायचा, बाकी तीन पक्के. खाली बघायचं ते आपल्या दोन पायांच्या मधून, फक्त पुढची पायरी दिसेल एवढंच. पाय टेकला, भार टाकून बघितला, मग हात. दहा-पंधरा वेळा केलं की शरीराला लय सापडते. हरिहरवर अर्धे लोक दरीकडे तोंड करून, बसत बसत, ढुंगणाने घसरत उतरताना दिसतात. त्यांना वाटतं ते सुरक्षित. खरं तर त्यांच्या हातात काहीच नसतं, पाठीवरची सॅक मागच्या पायरीला अडून त्यांना पुढे ढकलते, आणि संपूर्ण दरी डोळ्यांसमोर. तुम्ही असं करू नका. तोंड कातळाकडे, खोबणीत हात.

त्यानंतर एक खरा डोंगर हवा, पण हरिहर नव्हे. कळसूबाई करा. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वाट. ती चढाई दमवते. पण खड्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत, धरायला कठडे आहेत, आणि वाट गावातल्या बायाबापड्यांनीही मळलेली आहे. नवरात्रात तर कळसूबाईच्या दर्शनाला रीघ लागते. त्या शिड्या घोड्यावरच्या पद्धतीने उतरून बघा. तो एक मित्र बरोबर आला तर उत्तम, म्हणजे त्यालाही कळेल की तुमची भीती दिसते कशी. तिथे शिडीवर जर तुम्ही दहा मिनिटं हललाच नाहीत, तर हरिहरच्या पायऱ्या या डिसेंबरात नकोत असं समजा. वाईट वाटेल, पण पठारापर्यंत जाऊन मित्रांची वाट बघता येतेच. आणि भीती इतकी असेल की कचेरी वरच्या मजल्यावर म्हणून नोकरी नाकारावी, पुलावरून गाडी नेता येऊ नये, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. हा बरा होणारा त्रास आहे, त्यासाठी आयुष्यभर दुसऱ्या मजल्यावर राहायची गरज नाही.

ट्रेकच्या आदल्या रात्री तुम्ही बहुधा इगतपुरीला किंवा त्र्यंबकला मुक्काम कराल. वीस वर्षांनी भेटलेले सात मित्र म्हणजे बाटल्या आल्याच. तुम्ही पिऊ नका. धीर यावा म्हणून सकाळी एक पेग, असला शहाणपणाही नको. कुणी 'माझ्याकडे टेन्शनची गोळी आहे, अर्धी घे' म्हणालं तर ती तर मुळीच नको; अशा बऱ्याच गोळ्यांनी सुस्ती येते आणि तोल बिघडतो. सकाळी पोहे, उपमा काहीतरी नीट खा. रिकाम्या पोटी हातपाय थरथरतात आणि मग ते भुकेने की भीतीने हे कळत नाही. चहा एकच.

पहाटे निघा, पायऱ्यांखाली गर्दीच्या आधी पोचा. तारीख अजून हलवता येत असेल तर आठवड्याच्या मधला दिवस धरा. हरिहरच्या बाबतीत हा बदल बाकी सगळ्या तयारीइतकाच कामाचा आहे. डिसेंबर चांगलाच, कातळ कोरडा असतो. अवकाळी पाऊस झाला असेल तर पायऱ्या चढायच्या नाहीत, कुणीच नाही. सॅक लहान, पाठीला चिकटलेली. बाटली, छत्री, काठी काहीही बाहेर लोंबकळता कामा नये. मोबाइल खिशात, चेन लावून. मित्रांपैकी कुणी 'आपण दोरी नेऊ' म्हणालं तर विचारा, बांधणार कशाला आणि धरणार कोण. ज्याला दोराचं काम येत नाही त्याच्या हातातली दोरी एका माणसाच्या घसरण्याचं दोघांचं घसरणं करते. हवी असेल तर दोर आणि हार्नेस वापरणाऱ्या अनुभवी ग्रुपबरोबर जा, नाहीतर गावातला वाटाड्या घ्या.

निर्णयाची जागा एकच धरा: पहिल्या पायरीच्या आधीचं पठार. तिथे दहा मिनिटं बसा, पाणी प्या, सोबत्याशी बोला. मधल्या पायरीवरून माघार घ्यायची तर खालून चढणारी सगळी माणसं उतरवावी लागतात, म्हणून 'थोडं चढून बघतो' हा पर्याय तिथे नाही. पहिल्या दरवाजात टेकायला जागा आहे. तिथे पुन्हा स्वतःला विचारा. पुढची आडवी वाट नको वाटली तर दरवाजातूनच परत फिरा. गड बघितला नाही असं कुणी म्हणणार नाही, आणि म्हणालं तर म्हणू द्या.

आणि एवढं करूनही मध्येच पाय थिजले तर? 'थांबलोय' असं मोठ्याने म्हणा. पोट आणि छाती कातळाला टेकवा. श्वास आत ओढण्याच्या मागे लागू नका, तोंडाने हळूहळू बाहेर सोडा, तो आपसूक आत येतो. आपल्या हाताकडे, खोबणीच्या कडेकडे बघा, दगडाचा खडबडीतपणा बोटांना लागू द्या. मग खालच्या मित्राला सांगा, 'डावा पाय कुठे टाकू?' एक पाय. मग पुढचा. घाई करणाऱ्या अनोळखी माणसांना उत्तर देण्याचं काम त्या मित्राचं, तुमचं नाही.

राहता राहिली बायको. तिला मी अडाणी ठरवणार नाही. दोन लहान मुलं असलेल्या घरात कुणीतरी हे बोलायलाच हवं होतं. पण ताप आल्याची थाप मारून घरी बसलात तर पुढच्या वर्षी नवी थाप शोधावी लागेल. तिला हे उत्तर वाचायला द्या, घोडा धरायला तिला बोलवाच, आणि कळसूबाईनंतर काय ठरवायचं ते दोघांनी मिळून ठरवा. निघताना तिच्याकडे सोबत्याचा नंबर, गाडीचा नंबर आणि कुठल्या गावातून चढणार ते लिहून द्या. गडावर मोबाइलची रेंज भरवशाची नसते, म्हणून फोनची वेळ आधीच ठरवा: अमुक वाजेपर्यंत खाली येऊन फोन करू, आणि त्यानंतरही दोन तास फोन आला नाही तरच काळजी करायची. ती वेळ ठरवताना पायऱ्यांवरच्या रांगेचा तास त्यात धरायला विसरू नका.